आग्र्याचा लाल ताज आणि आपले अंजनगाव

श्रोतेहो, वऱ्हाडातला माणूस आग्र्याला गेला की काय पाहतो? ताजमहाल, किल्ला आणि वेळ उरलाच तर फतेहपूर सिक्री. मग पेठ्याचे दोन डबे घ्यायचे आणि परतीची गाडी पकडायची. आज मी तुम्हाला त्याच आग्र्यातल्या एका जुन्या कॅथलिक दफनभूमीत नेणार आहे. तिथल्या एका थडग्याच्या गोष्टीचा शेवट आपल्या अमरावती जिल्ह्यात झाला आहे, म्हणून हा खटाटोप.

भगवान टॉकीजच्या चौकाजवळ ही दफनभूमी आहे. अकबर-जहांगीराच्या काळापासूनची ही जागा. बाहेर रिक्षा आणि बसगाड्यांचा गोंगाट, आत आल्यावर मात्र शांतता. इथे १६११ साली वारलेल्या मार्टिरोस नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या थडग्यावर एक छोटे प्रार्थनामंदिर उभे आहे. इथेच जॉन मिल्डनहॉल या इंग्रज व्यापाऱ्याला १६१४ मध्ये पुरले. गंमत अशी, की माणूस इंग्रज, पण दगडावरचा मजकूर पोर्तुगीज भाषेत! त्या काळी आग्र्यातल्या ख्रिस्ती पाद्र्यांमध्ये पोर्तुगीज भाषाच चालत असे. १६६८ मध्ये वारलेले जर्मन धर्मोपदेशक हाइनरिश रोथ यांनाही इथेच पुरले. त्यांनी संस्कृत भाषेचे व्याकरण लिहिले होते. गोव्यात राहून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स आपल्याला ठाऊक असतात. हे त्यांचेच उत्तरेकडचे भाऊबंद म्हणायचे.

या साऱ्या थडग्यांमध्ये एक इमारत लांबूनच नजरेत भरते. हुबेहूब ताजमहाल, पण लहान आणि लाल दगडाचा. वर घुमट आहे, दर्शनी कमानी आहेत. ताजसारखे चार सुटे मिनार तेवढे नाहीत. ही कबर आहे कर्नल जॉन विल्यम हेसिंग याची. हा हॉलंडमधल्या उट्रेक्ट गावचा, जन्म १७३९ चा. तो कोणाचा नोकर होता? इंग्रजांचा नव्हे आणि मोगलांचाही नव्हे. तो होता महादजी शिंद्यांचा!

माझ्यासोबत सौभाग्यवती होत्या. त्यांनी विचारले, “अहो, एवढा खर्च केला तरी कोणी?” मी म्हटले, “त्याच्या बायकोने.” अ‍ॅन हेसिंग हे तिचे नाव. बादशहाने बेगमेसाठी ताज बांधला, इथे एका विधवेने नवऱ्यासाठी ताज बांधला. आमच्या घरी परतेपर्यंत हा विषय पुरला, हे सांगायला नकोच.

हेसिंग १७८४ मध्ये महादजींच्या सेवेत आला. १७८७ मध्ये आग्र्याजवळ इस्माईल बेगाशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला. त्या काळी महादजींनी फ्रेंच, डच, इंग्रज असे गोरे अधिकारी पगारावर ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. दिल्ली-आग्र्यावरचा मराठ्यांचा अंमल बऱ्याच अंशी या पलटणींच्या जोरावर चालत होता. यातला सर्वांत नावाजलेला डी बॉइन पुढे भरपूर पैसा घेऊन मायदेशी परतला. हेसिंग मात्र दौलतराव शिंद्यांच्या काळातही राहिला. आग्र्याचा किल्ला त्याच्या हवाली होता आणि तिथेच २१ जुलै १८०३ रोजी तो वारला.

आता पुढच्या तारखा ऐका. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. याच दफनभूमीत ज्याची कबर आहे त्या समरूच्या बेगमेच्या पलटणी त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने होत्या. १८ ऑक्टोबरला आग्र्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी तह केला आणि आपले वऱ्हाड त्यांच्या हातून गेले. आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा तह झाला. दिल्ली आणि आग्रा इंग्रजांना देऊन टाकल्याचे लिहून दिले गेले ते या आपल्या अंजनगावात! समोर इंग्रजांकडून होता आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच.

म्हणजे हेसिंगच्या मृत्यूपासून सव्वापाच महिन्यांत सारा डाव उलटला. ज्यांचा किल्ला त्याने राखला, त्यांचेच राज्य आग्र्यात उरले नाही. लाल ताज तेवढा उभा राहिला. आज पुरातत्त्व खात्याकडून त्याची देखभाल होते.

मला तिथे राहून राहून एक गोष्ट बोचत होती. पगारी परदेशी कर्नलाचे नाव, गाव, जन्म, मृत्यू, जखम, सारे दगडावर कोरलेले आहे. आणि अडगावच्या रानात जे आपले शिपाई पडले, त्यांचे? त्यांच्या बायकांजवळ लाल दगड आणायला पैसा नव्हता. त्यांना वाहिलेले अश्रू कोणी कोरून ठेवले नाहीत. इतिहासात ज्याचा दगड टिकतो त्याचे नाव टिकते, बाकीच्यांची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

अकोटहून परतवाड्याकडे जाताना अंजनगाव लागते. पानमळ्यांसाठी आपण ते गाव ओळखतो. पुढच्या वेळी बस तिथे थांबली आणि सोबत मुले असली, तर त्यांना एवढे जरूर सांगा, की आग्र्याचा निकाल या गावात लागला होता. आणि आग्र्याला गेलात तर ताज पाहून झाल्यावर तासभर वेळ काढून त्या दफनभूमीतही जाऊन या. आपल्या इतिहासाचे एक पान तिथे परक्या नावाने पडून आहे.