ट्रंकेच्या झाकणावरची नटी

लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी या भागाचा मजकूर. माझं अडखळणं तेवढं काढलंय.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत माळ्यावर पणजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. गिरणीत होते ते. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली, तर झाकणाला आतून नट्यांची चित्रं खळीने चिकटवलेली. मधोमध लीला चिटणीस, लक्स साबणाच्या जाहिरातीतली. आजी म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, मामंजींनी साबण कधी आणला नाही, फोटो तेवढा आणला."

१९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आलेली ही पहिली भारतीय नटी. पण चेहरा नटीचा आणि माल भलत्याचाच, ही आयडिया कुणाची? रात्री शोधत बसलो आणि पोचलो थेट १८८० च्या दशकातल्या अमेरिकेत, सिगारेटच्या पाकिटात.

तेव्हा पाकीट पातळ कागदाचं असायचं. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. मग तो कोरा कशाला ठेवा? व्हर्जिनियातल्या ॲलन अँड गिंटर कंपनीने त्यावर नट्या छापल्या, खेळाडू छापले, पक्षीसुद्धा. एकेका मालिकेत पन्नास-पन्नास कार्डं. ड्यूक कंपनीनेही तेच केलं. त्यांना गरजही होती. बॉनसॅकचं मशीन आलं होतं, दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी वळणारं. हाताने वळणारा कामगार मिनिटाला चार-पाच वळायचा. एवढा माल ओढणार कोण? तर एकोणपन्नास कार्डं जमलेला माणूस, पन्नासाव्यासाठी.

इथे मी लॅपटॉप बंद केला. कारण आमच्या ॲपमध्ये 'पाचपैकी चार स्टिकर जमले!' असं दाखवणारा कोड मी लिहिलाय. पाचवा क्वचितच येतो. तेही मीच लिहिलंय.

आणि त्या नट्यांचं काय? काही कार्डांवर नाव आहे, काहींवर नुसताच चेहरा. न्यूयॉर्कचा सॅरोनी नावाचा फोटोग्राफर नट्यांचे फोटो काढून विकायचा. ऑस्कर वाइल्डचा त्याने काढलेला फोटो कुणीतरी परस्पर छापला, तेव्हा केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १८८४ मध्ये निकाल लागला: फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. ज्याचा चेहरा, त्याचा त्या खटल्यात प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे १८९४ मध्ये खुद्द म्हाताऱ्या ड्यूकने मुलाला पत्र लिहून तक्रार केली, की या चित्रांनी तरुण पोरं बिघडतायत. चित्रांनी हं. सिगारेटींबद्दल तक्रार नव्हती.

लीलाबाईंचं प्रकरण वेगळं. पदवीधर, मराठी रंगभूमीवरून आलेल्या, 'कंगन' आणि 'बंधन'नंतर घराघरात माहीत झालेल्या. जाहिरातीत त्या नावानिशी होत्या. पुढे त्याच 'आवारा'त राज कपूरची आई झाल्या, तेव्हा साबणावर दुसऱ्या नट्या होत्या.

ट्रंकेत अजून एक वस्तू निघाली, आजोबांची तंबाखू-चुन्याची डबी. तिच्यावर ना नटी, ना नंबर, नुसता गंज. त्यांना कुठल्याच चित्राने ओढावं लागलं नाही, गिरणीच्या रात्रपाळीने ते काम केलं. परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेही १९४१ सालीच. आजोबांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तिथल्या रांगेत मी शाळेचा युनिफॉर्म घालून बसलोय.

आता पाकिटावर पुन्हा चित्र आहे. २०१६ पासून ८५ टक्के जागा त्या भयंकर फोटोला. कोपऱ्यावरच्या टपरीवर माझा मित्र 'दुसऱ्या फोटोचं दे' म्हणून पाकीट बदलून घेतो. बघा, निवड अजूनही चित्राचीच.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, पाचवा स्टिकर सरळ देऊन टाकूया का? उत्तर आलं, "रिटेन्शन पडेल." तिकीट माझ्याच नावावर आहे. अजून बंद केलेलं नाही.