‘दम मारो दम’मध्ये गिटार कुणाची?

हेडफोन लावले का?

परवा जळगावहून धुळ्याला एसटीने चाललो होतो. पारोळ्याजवळ मोबाइलवर ‘दम मारो दम’ लागलं. १९७१चं गाणं. आशाताई गायला लागण्याआधीच ती गिटार आपल्याला ओढून घेते. शेजारच्या काकांनी विचारलं, “वाजवलंय कोणी, भाऊ?” मी ॲप उघडलं. गायिका, संगीतकार, गीतकार, सगळे होते. गिटारवाल्याचं नाव नव्हतं.

ते होते भूपिंदर सिंग. हो, १९७७च्या ‘घरौंदा’त गायलेले तेच! त्यांचा आवाज आपण ओळखतो, हात ओळखत नाही. १९७३चं ‘चुरा लिया’ सुरुवातीपासून ऐका. काचेची किणकिण आणि त्यांची गिटार. घाई नाही, दिखावा नाही. पण ते सूर काढून टाका, गाणं लंगडं होतं.

मीही खान्देशात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. बॅनरवर गायकाचा फोटो असतो, आमचं नावही नसतं. म्हणून हे जरा जास्तच लागतं मनाला.

भूपिंदरजी २०२२ साली मुंबईत गेले. आज त्यांचं एक गाणं स्टेटसला ठेवा आणि खाली लिहा, गिटार : भूपिंदर सिंग. काकांना मी तेच सांगितलं.

भेटू पुढच्या भागात!