स्कॅन नॉर्मल, म्हणजे माणूस बरा?

(जव्हार-मोखाड्यातील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. तरी आज मेंदूच्या स्कॅनवर बोलणार आहे. ती चित्रं कॉम्प्युटर तयार करतो आणि कॉम्प्युटरने दाखवलेल्या गोष्टीवर आपला जरा जास्तच भरवसा असतो.

घरातलं कुणी रात्र-रात्र झोपत नाही, एकटंच बोलतं, कामाला जात नाही. अशा वेळी आपल्याकडे आधी आमिल होतो, नाहीतर भगत. मग कुणी शिकलेला सांगतो, "डोक्याचा एमआरआय काढा, काय ते कळेल." त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठायचं, म्हणजे गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि वर स्कॅनचे हजारो रुपये. त्यासाठी कुणी वीटभट्टीवाल्याकडून उचलही घेईल. आणि रिपोर्ट येतो नॉर्मल! मग घरचे म्हणतात, "मशिनमध्ये काही आलं नाही, म्हणजे नाटक करतोय." किंवा, "म्हणजे बाहेरचंच आहे." पुन्हा आमिल, पुन्हा भगत.

हा निष्कर्षच चुकीचा आहे. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ, रक्तस्राव, सूज त्यात कळते. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया ओळखता येईल अशी खूण एकेका माणसाच्या स्कॅनमध्ये अजून सापडलेली नाही. शेकडो-हजारो रुग्णांची सरासरी काढली तर बारीक फरक दिसतात. पण पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असली, तरी नुसत्या उंचीवरून समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे सांगता येत नाही. इथेही तसंच आहे. कोणतं औषध लागू पडेल, हेही स्कॅन अजून खात्रीने सांगू शकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाल-पिवळ्या ठिपक्यांचे मेंदू फिरतात. त्यातले बरेच फंक्शनल एमआरआयचे असतात. ते ठिपके कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून सॉफ्टवेअर हिशेब करतं आणि रंग भरतं. २०१६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांची माहिती वापरून ही सॉफ्टवेअर तपासली. नसलेला परिणाम 'सापडण्याचं' प्रमाण ५ टक्के असायला हवं होतं, काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेलं. एका सॉफ्टवेअरमध्ये तर १५ वर्षं जुना बग निघाला. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

मग स्कॅन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. फिट येते, डोक्याला मार लागलाय, एक बाजू लुळी पडली, डोकेदुखीबरोबर उलट्या होतात, म्हातारपणी अचानक वागणं बदललं, अशा वेळी डॉक्टर स्कॅन सांगतील आणि तो काढायलाच हवा. मेंदूतला टीबी किंवा फितकृमीच्या गाठी त्यातच कळतात. थोडक्यात, स्कॅन दुसरा आजार नाही ना, हे पाहायला असतो.

मानसिक आजाराचं निदान होतं ते बोलून. त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, भास होतात का, जीव द्यावासा वाटतो का, हे डॉक्टर रुग्णाला आणि घरच्यांना विचारतात. आपण घरच्यांनी खरं आणि नीट सांगितलं, तर निदान सोपं होतं. तेव्हा लाजेपायी काही लपवू नका.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चातून चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा आपला हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते मोफत मिळायला हवेत. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि मानसोपचाराचे डॉक्टर कधी, कुठे भेटतील ते विचारा. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

दुआ जरूर करा, पण दवा थांबवू नका. आणि वस्तीत कुणाचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर त्या घरी जाऊन एवढंच सांगा : "चाचा, गाठ नाही, ही चांगली बातमी आहे. आता उपचार सुरू करू."