खालची ओळ कापू नका



जुनी विलायती व्यंगचित्रं जमवणारी मंडळी आपल्याकडे मोजकीच, पण त्यांची हौस दांडगी. गिलरे, रोलंडसन, क्रुकशँक ही नावं त्यांना नव्यानं सांगायला नकोत. तांब्याचा पत्रा, त्यावर आम्लानं खाल्लेली रेघ, कागदावर उठलेला छाप आणि वर हातानं भरलेला रंग, हेही त्यांना ठाऊक असतं. म्हणून हाताशी असलेल्या थोडक्या मिनिटांत मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. चित्राच्या कडेला, बहुतेक वेळा खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. कोणत्या तारखेला, कोणी, कुठल्या दुकानातून चित्र प्रसिद्ध केलं, एवढंच तिच्यात असतं. ती ओळ कापू नका.

ती ओळ कोणी हौसेनं घातलेली नाही. होगार्थ आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी खटपट केली आणि १७३५ साली इंग्लंडात कायदा झाला. पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरली, की चौदा वर्षं दुसऱ्या कोणाला ते चित्र चोरून छापायची मुभा नसे. पुढे ही मुदत अठ्ठावीस वर्षांवर गेली. म्हणजे ती ओळ हा त्या चित्राचा सातबारा आहे. जमीन घेताना कोणी नुसतं आंब्याचं झाड बघून पैसे मोजतो का? आधी उतारा काढतो. चित्र घेताना मात्र रंग बघितला की आपण भुललो.

एक उदाहरण घेऊ, आपल्या इतिहासाला लागून असलेलं. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, मे १७९१ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन मागे फिरला. पाऊस लागला होता, बैल मरत होते, दाणागोटा संपला होता. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून त्याला परतावं लागलं. त्याच सुमारास हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन भेटल्या आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारातल्या धान्यावर इंग्रजांनी दिवस काढले. या माघारीवर गिलरेचं एक चित्र आहे. त्यात टिपू तटावर आहे, आणि तो खालच्यांवर जो पाऊस पाडतो आहे त्याचं वर्णन आकाशवाणीवरून करता येणार नाही. शीर्षकात मान्सूनचं नाव आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आता ओळ वाचा. डिसेंबर १७९१. घटना मे महिन्यातली, चित्र डिसेंबरातलं. मधले महिने जहाजानं खाल्ले. आणि चित्र लंडनच्या दुकानात टांगलेलं असताना इकडे काय चाललं होतं? कॉर्नवॉलिस पुन्हा चाल करायच्या तयारीत होता. फेब्रुवारी १७९२ मध्ये तो श्रीरंगपट्टणला भिडला, आणि मार्चमध्ये तह झाला. टिपूनं अर्धं राज्य सोडलं, दोन मुलगे ओलीस दिले. लंडन हसत होतं ते शिळ्या बातमीवर! ही गंमत कळते ती त्या तारखेमुळे. ओळ कापलीत की उरतो तटावरचा एक राजा आणि खाली पळणारे गोरे.

सातबाऱ्याचीच गोष्ट पुढे नेतो. शेताला बांध असतो. छापताना पत्र्याच्या कडेची खोलगट खूण कागदात उमटते, तो या चित्राचा बांध. बांधाबाहेर दोन बोटं कोरा कागद असेल तर उत्तमच. पण शेजारी दर वर्षी बांध कोरत जातो ना, तसं या कागदाचं होतं. पहिल्या मालकानं वहीत चिकटवायला थोडा कापला, दुसऱ्यानं भिंतीसाठी कापला, आणि तिसऱ्याच्या फ्रेमवाल्यानं तयार चौकटीत बसवायला. शेवटी बांधही गेला आणि उताराही गेला. पाठीवर एखाद्या जुन्या संग्राहकाचा शिक्का असेल, तर तो फेरफार समजा. पुठ्ठ्यावर खळीनं डकवून तो गाडून टाकू नका.

कोणी म्हणेल, ओळ शाबूत आहे म्हणजे माल अस्सल. थांबा. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन ताब्यात असतेच का? गिलरे १८१५ मध्ये वारला, पत्रे मागे राहिले. त्याची चित्रं विकणाऱ्या हॅना हम्फ्रीच्या दुकानातले हे पत्रे पुढे बोन नावाच्या प्रकाशकाच्या हाती आले, आणि त्यानं १८५० च्या आसपास त्यांचे पुन्हा छाप काढले. पत्र्यावरची तारीख जुनीच राहिली. गिलरेच्याच एका चित्रात पृथ्वीचं पुडिंग कापून वाटून घेणारे पिट आणि नेपोलियन तुम्ही पाहिलेच असतील. त्यावर २६ फेब्रुवारी १८०५ आहे, पण तेवढ्यानं तुमच्या हातातला कागद १८०५ चा ठरत नाही. बोननं कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं छापली, तीही बिनरंगी. तेव्हा कागद उलटून बघा, उजेडासमोर धरा. १७९४ नंतरच्या पुष्कळ इंग्रजी कागदांच्या वॉटरमार्कमध्ये साल असतं. ते ओळीतल्या सालाशी ताडून पाहा. कागद नंतरचा असेल तर छापही नंतरचा, मग दुकानदार काही सांगो. पण ताडून पाहायला ती ओळ जागेवर हवी. म्हणून पुन्हा तेच सांगतो: ती कापू नका.

फ्रान्सच्या दोमिए या व्यंगचित्रकाराबद्दल बोलायचं होतं. तिथे छापायला पत्र्याऐवजी दगड. वर्तमानपत्रातल्या प्रतीच्या पाठीवर मजकूर असतो, कोऱ्या पाठीची प्रत वेगळी, तिचा भाव वेगळा. शिवाय १८३४ सालचं त्याचं ते ट्रान्सनोनँ गल्लीचं चित्र सरकारनं जप्त केलं, ती हकिगत... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत, ते राहिलं.

शेवटचं. ब्रिटिश म्युझियमनं अशा चित्रांची सूची केली आहे. ११ खंड, १८७० ते १९५४, आणि नोंदी १७,००० च्या वर. त्यांतले शेवटचे सात खंड डोरोथी जॉर्ज या एकट्या बाईंचे. आपल्या चित्राची तारीख घेऊन त्या सूचीत बघा, बहुधा सापडेल. तारीखच कापलेली असेल, तर बसा शोधत.

फ्रेमवाल्याकडे जाल तेव्हा चौकट कागदाच्या मापाची करून मागा. चार पैसे जास्त पडतील, पडू देत. कागदाला मात्र कातरी लावू देऊ नका.