पाळणाघराची पारख
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून आपल्या भवनाच्या तळमजल्यावर बालवाडी आणि पाळणाघर सुरू करावे, असा विचार पुढे आला आहे. त्या संदर्भात काही पाहणी करून चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा समितीने मला केली. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला माणूस आहे. तेव्हा मोजणे आणि पारखणे एवढेच मला येते, आणि आजच्या विषयाला तेच लागते असे माझे मत झाले आहे.

आमच्या दुकानात एखादी भगिनी साधे ब्लाउजपीस घेते तेव्हा ती पोत हाताने चाचपते, कापड उजेडात धरून वीण पाहते, रंग जाणार नाही ना म्हणून दोनदा विचारते. तीच भगिनी अडीच वर्षांचे मूल बालवाडीत घालताना मात्र भिंतीवरची चित्रे आणि गणवेश पाहून पैसे भरून येते. पुढे वर्षाअखेरीस स्नेहसंमेलनात मूल इंग्रजी कविता म्हणून दाखविते आणि आपण टाळ्या वाजवितो. आपल्या धार्मिक शिबिरांतही याहून वेगळे घडत नाही. पाच वर्षांच्या मुलाने किती सूत्रे मुखोद्गत केली यावरच आपण शिबिराचे यश ठरवितो. त्या मुलाला दिवसभरात कोणी जवळ घेतले काय, त्याचे कोणी ऐकून घेतले काय, याची चौकशी होत नाही.

पाळणाघर ही शहरी सुखवस्तू कुटुंबांची नवी सोय आहे असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. आपल्याच नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्या मिलमध्ये स्त्री कामगारांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर होते. त्या काळी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक माता कामाच्या वेळी मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफू देत. १९२० नंतरच्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. मूल शांत होते, रडत नव्हते. वरवर पाहणाऱ्याला ते उत्तम सांभाळलेले वाटले असते. शांत मूल म्हणजे सुखी मूल असे मानण्यापूर्वी आपण ही गोष्ट आठवावी. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. कापड विणणाऱ्या बाईच्या मुलाला निदान पाळणा तरी मिळत होता. कापड विकणाऱ्या बाईच्या मुलाला तो अजून मिळालेला नाही. याकडे मी पुन्हा येईन.

या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली आहे. काही काळ आपल्या अमरावतीत वास्तव्य केलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाच्या कार्यात पडल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी केंद्र सुरू केले. वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, खडे हेच साहित्य. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला हे कार्य त्यांनी हयातभर चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव याच परंपरेतून मिळाले. खर्चिक सामान नसताना उत्तम बालवाडी चालते, हे त्या दोघींनी सिद्ध करून ठेवले आहे.

मग पारख कशाने करावी? अमेरिकेतील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली यासाठी एक मोजपट्टी तयार केली. निरीक्षकाने वर्गात सुमारे तीन तास शांतपणे बसावयाचे आणि जागा, स्वच्छता, बोलणे-चालणे, खेळ, दिवसाचा क्रम अशा बाबींना एक ते सात गुण द्यावयाचे, अशी तिची पद्धत आहे. एक म्हणजे अपुरे, तीन म्हणजे कामचलाऊ, पाच चांगले, सात उत्कृष्ट. १९९० च्या दशकात चेन्नईच्या स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानने तिचे तामिळनाडूच्या परिस्थितीस अनुरूप रूप तयार केले. भारत सरकारच्या २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणातही किमान मापे दिली आहेत. तीस मुलांमागे निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती, शिकविणे मातृभाषेत, आणि मूल कोणत्याही क्षणी एकटे नसावे. या शेवटच्या वाक्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, जयणा. कीडमुंगीसाठी आपण जी जयणा पाळतो, ती मुलासाठी पाळावयाची एवढेच.

ही मापे घेऊन आमच्या समितीतील तिघेजण शहरातील सात ठिकाणी जाऊन बसलो. कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही, म्हणून नावे सांगत नाही. एका ठिकाणी तीन मजली इमारत, दारावर पहारेकरी, काचेच्या कपाटात परदेशी खेळणी. कपाटाला कुलूप होते आणि खेळण्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. मुले ३८, बाई एक, मदतनीस एक. तीच मदतनीस फोनही घेत होती आणि दारही उघडत होती. दीड तासात बाईंनी मुलांना विचारलेले प्रश्न आमच्यातील भगिनीने वहीत टिपले. ते भरले दोन, आणि दोन्ही रंगाचे नाव विचारणारे. बाकी सर्व आज्ञा होत्या: बसा, गप्प राहा, हात बांधा. त्या बाईंना दोष देण्यास माझे मन धजत नाही. अडतीस मुलांपुढे कोणीही तेच म्हटले असते.

दुसरे ठिकाण एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत. भिंतींना रंगही नव्हता. मुले सोळा, बाया दोन. शिवणाची रिकामी रिळे, चिंचोके, चिंध्या भरलेले चेंडू. एका मुलाने पाण्याचा तांब्या लवंडला. बाईंनी त्याच्या हाती फडके दिले आणि म्हणाल्या, "पुसून घे हो राजा." तो पुसू लागला, त्याचे पाहून आणखी तिघे आले, आणि पुढली दहा मिनिटे ते काम चालले. फडके पिळावे कसे, पाणी जाते कोठे, यावर त्यांची केवढी चर्चा! परंतु येथेही सर्व चांगले होते असे नाही. संडासाची कडी आतून लागणारी होती, मूल अडकले तर काय? कूलरची वायर मुलांच्या हाताशी आणि टाकीतले पाणी बरेच दिवसांचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरवाचून चालत नाही हे खरे. पण त्या पाण्यात डास होतात हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही.

पाण्यावरून आठवले. गाळलेले पाणी पिण्याची आपली रीत उत्तम आहे. पण सातपैकी पाच ठिकाणी माठ अशा उंचीवर होता की तहान लागलेल्या मुलाला परवानगी आणि मदत या दोहोंची वाट पाहावी लागे.

समितीत अनेकांचा आग्रह आहे की कॅमेरे लावावेत म्हणजे पालक निश्चिंत राहतील. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, तेव्हा तेथे कॅमेरा होताच. त्याने पुरावा दिला, मार थांबविला नाही. खोलीत दुसरी बाई असती तर कदाचित थांबला असता. कॅमेरा एकदा विकत घेता येतो. दुसऱ्या बाईला दरमहा पगार द्यावा लागतो. म्हणूनच पहिल्याची चर्चा जास्त होते, असा व्यापारी म्हणून माझा अंदाज आहे.

आता आपल्या भवनाचा हिशेब. तळमजल्याचे दालन मी टेपने मोजले. ४० फूट बाय २५ फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. केवळ क्षेत्रफळ धरले तर ऐंशी मुले बसू शकतील, आणि आराखड्यात साठचा आकडा आहे. मी तीसच्या वर जाऊ नये असे सुचवितो. संडास दोनच आहेत आणि दोन्ही मोठ्यांच्या मापाचे. मागची मोकळी जागा आज स्कूटरी ठेवण्याच्या उपयोगात आहे. ती रिकामी करण्यास आपण सर्व तयार आहोत काय, हे आजच हात वर करून सांगावे.

समजा वीस मुले तीन वर्षांवरील आणि दहा त्याखालील. मापाप्रमाणे दोन बाया पुरतात. पण एक बाई मुलाला संडासला घेऊन गेली की तिच्याकडील मुले एकटी पडतात, म्हणून तिसरी हवी. प्रत्येकीला दरमहा १५ हजार धरले तर ४५ हजार, म्हणजे मुलामागे १,५०० रुपये. साठ मुले आणि दोन बाया असा हिशेब केला तर मुलामागे ५०० पडतात. एक हजाराचा हा फरक म्हणजेच गुणवत्ता होय. तो भिंतीवर दिसत नाही, जमाखर्चात दिसतो. निम्मा भार ट्रस्टने उचलला तर वर्षाला २ लाख ७० हजार रुपये होतात. एका मोठ्या स्वामीवात्सल्याला आपण किती खर्च करतो, ते खजिनदार साहेब जाणतात. मी येथे आकडा सांगत नाही. पगारात मात्र काटकसर करू नये. चांगली बाई दर सहा महिन्यांनी सोडून जाऊ लागली की मूल दर सहा महिन्यांनी नव्याने परके होते.

मुले कोणाची घ्यावीत, हा प्रश्न नाजूक आहे. फाळणीनंतर सिंधी बांधवांनी जरीपटक्याचा बाजार कष्टाने उभा केला, आपणही त्यात सामील झालो. आज या बाजारात दुकानादुकानांतून स्त्रिया विक्रीचे काम करतात. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक केले. आपल्या दुकानांत माणसे पाच, फार तर दहा. कायदा आपल्या उंबरठ्यापर्यंत येतच नाही. मग ती बाई मूल ठेवते कोठे? शेजारणीकडे, थोरल्या बहिणीकडे. आणि त्या बहिणीची शाळा बुडते. माझ्या दुकानातील दोघींची हीच स्थिती आहे. म्हणून तीसपैकी दहा जागा आपल्या दुकानांत काम करणाऱ्या भगिनींच्या मुलांसाठी, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत, राखून ठेवाव्यात आणि त्यांच्या वाट्याचे शुल्क दुकानदाराने भरावे. माझ्या दुकानातील दोन मुलांचे मी आजच कबूल करतो. काही बंधूंना हे मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी सभेत बोलावे. बाहेर पायऱ्यांवर बोलू नये.

एक शेवटची सूचना. दर तीन महिन्यांनी तीन मातांनी, ज्यांपैकी एकीचे तरी मूल तेथे नसेल, पूर्वसूचना न देता सकाळी तीन तास वर्गात बसावे. मुले किती, बाया किती, माठ कोठे, कडी कशी, कूलरचे पाणी केव्हा बदलले, मुलांना किती प्रश्न विचारले गेले आणि मुलांनी किती विचारले, हे एका कागदावर लिहून तो भवनाच्या फलकावर लावावा. गुण कमी आले तरी लावावा. पहिल्या पाहणीचा दिनांक महिला मंडळाने आजच ठरवावा अशी विनंती करतो आणि माझे बोलणे थांबवितो.

जय जिनेंद्र!