रत्नांचे पाणी आणि घरातील नथ

(मुळशी तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

लग्नसराई जवळ आली की मुळशी खोऱ्यातील घराघरांतून ट्रंका उघडल्या जातात. तलम फडक्यात गुंडाळून ठेवलेली, आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून सुनेकडे आलेली नथ बाहेर निघते. तिच्याबरोबर कुड्या निघतात, चिंचपेटी निघते. आणि बहुतेक घरी एकच तक्रार ऐकू येते. मोत्यांचे पाणी उतरले, मधला लाल खडा काळवंडला, हिरवा तर दिसेनासा झाला. मग दागिना उजळण्याची खटपट सुरू होते. कोणी लिंबू चोळते, कोणी रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालते, कोणी दातांच्या पावडरीने घासते. सोने त्यामुळे थोडा वेळ चमकते. परंतु जी रत्ने उजळावयाची होती, ती मात्र कायमची निस्तेज होण्याचा संभव असतो.

हा विषय वरकरणी हौसेचा वाटेल. वस्तुतः तो स्त्रीधनाचा आहे. ज्या तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणात जाणाऱ्या जमिनीसाठी सत्याग्रह झाला, त्याच तालुक्यात गेल्या काही दशकांत हिंजवडीची उद्योगवसाहत आणि ठिकठिकाणचे बंगले यांच्यामुळे जमिनीचा पैसा अनेक कुटुंबांच्या हाती आला. त्यातील काही वाटा दागिन्यांत गेला आहे. सोन्याची पारख गावातील पुष्कळांना असते. रत्नांची पारख मात्र फार थोड्यांना असते आणि रत्नाचे तेज कशाने वाढते व कशाने जाते, याची माहिती त्याहूनही थोड्यांना.

मराठी भाषेला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे असे म्हणावयास हरकत नाही. रत्नाच्या तेजाला आपण ‘पाणी’ म्हणतो, माणसाच्या गुणांना ‘पैलू पाडतो’ आणि योग्य स्थळी शोभणाऱ्या वस्तूला ‘कोंदणात बसली’ असे म्हणतो. पाणी, पैलू आणि कोंदण या तीन शब्दांत रत्नाच्या शोभेचे बहुतेक शास्त्र सामावलेले आहे.

प्रथम पाण्याविषयी. रत्न स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरून आत शिरलेला प्रकाश ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत पाठविते. जितका अधिक प्रकाश परत येईल तितके रत्न पाणीदार. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. काचेच्या पेल्यात पाणी भरून तो डोळ्यांच्या वर धरावा आणि खालून तिरकस पाहावे. पाण्याचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा लखलखीत दिसतो. काही मर्यादेपलीकडे तिरका आलेला प्रकाश पाण्यातून बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होतो, म्हणून असे घडते. साध्या काचेच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ४२ अंशांची असते, तर हिऱ्याच्या बाबतीत अवघी सुमारे २४ अंशांची. अर्थात हिऱ्यात एकदा शिरलेल्या प्रकाशाला मागल्या बाजूने निसटणे फार कठीण जाते. योग्य पैलू असतील तर तो आतल्या आत फिरून समोरच्याच बाजूने बाहेर येतो.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. मुळशीच्या ओढ्यांत आणि शेतांच्या बांधांवर पांढऱ्या गारगोट्या मुलांना नेहमी सापडतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात असलेल्या पोकळ्यांमध्ये स्फटिक तयार होतात आणि पाषाण झिजल्यावर ते मोकळे होतात. कोरडी गारगोटी मळकट दिसते. तीच पाण्यात बुडवून काढली की पारदर्शक भासू लागते आणि वाळली की पुन्हा पहिल्यासारखी होते. पृष्ठभागावरील असंख्य बारीक ओरखडे प्रकाश विखुरतात; पाणी ते ओरखडे तात्पुरते भरून काढते. रत्नाला जिल्हई देणारा कारागीर उत्तरोत्तर बारीक पूड वापरून हेच ओरखडे कायमचे नाहीसे करतो. खडबडीत पुडीने घासणारी गृहिणी मात्र नकळत ते नव्याने निर्माण करते.

पैलूंचे महत्त्व समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका हिऱ्याची कथा पुरेशी आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी संबंधित असलेला आणि पुढे ‘नासक’ या नावाने जगभर प्रसिद्धी पावलेला हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. आपल्याकडील जुने कारागीर वजन राखण्यावर भर देत. मूळ खड्याचा आकार शक्य तितका कायम ठेवून ते त्यावर पैलू पाडीत. युरोपातील जवाहिऱ्यांना वजनापेक्षा झळाळी प्रिय होती. लंडनमध्ये हा हिरा नव्याने घडविण्यात आला आणि १९४० नंतर अमेरिकेत हॅरी विन्स्टन यांच्याकडे पुन्हा एकदा. आज त्याचे वजन ४३.३८ कॅरट आहे. निम्म्याहून अधिक हिरा तेजापायी खर्ची पडला! कोहिनूरचीही गत हीच झाली. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात तो पाहून लोक निराश झाले, कारण तो अपेक्षेप्रमाणे चमकत नव्हता. पुढल्याच वर्षी त्याला नवे पैलू पाडण्यात आले आणि सुमारे १८६ कॅरटांचा हिरा सुमारे १०५ कॅरटांवर आला. यात गमावले किती आणि कमावले किती, याविषयी मतभेद होऊ शकतील. जुन्या घडणीचे रत्न मंद दिव्याच्या प्रकाशात जे सौम्य तेज दाखविते त्याची सर नव्या लखलखाटाला येत नाही, असे मानणारे रसिक आजही आहेत. म्हणूनच घरातील जुन्या दागिन्यातील खडा ‘नवे पैलू पाडून घ्या’ असे कोणी सुचविल्यास घाई करू नये. घासलेले वजन परत येत नाही.

आता कोंदणाकडे वळू. आपल्या नथीचे खरे मर्म येथेच आहे. अलीकडच्या अंगठीतील हिरा सोन्याच्या बारीक नख्यांनी पकडलेला असतो आणि त्याची मागील बाजू उघडी असते. प्रकाश खालूनही खेळतो. जुन्या घडणीच्या नथीतील, तन्मणीतील किंवा चिंचपेटीतील खडे बहुधा बंद कोंदणात असतात. खड्याच्या पाठीमागे सोन्याचे लहानसे घर असते आणि त्यात अनेकदा एक अतिशय पातळ, चकचकीत पत्रा घातलेला असतो. त्यास डांक म्हणतात. खडा पुरेसा प्रकाश परत पाठवीत नसेल तर ते काम डांक करतो. फिकट माणकाखाली तांबूस डांक घातला की खडा गर्द भासतो. आरशाच्या काचेमागे पारा जे कार्य करतो, तेच हे होय. पोकळी भरण्यासाठी आत पुष्कळदा लाखही भरलेली असते.

हे ध्यानात घेतले म्हणजे रिठ्याच्या पाण्यात रात्रभर बुडविलेली नथ सकाळी काळवंडलेली का दिसते, याचा उलगडा होतो. पाणी कोंदणाच्या फटीतून आत झिरपते आणि बाहेर पडू शकत नाही. डांक गंजतो, डागाळतो. खडा होता तसाच असतो, पण त्याच्यामागचा आरसा फुटलेला असतो. गरम पाणी वापरल्यास लाखही सैल होते. अशा दागिन्याला पाण्यात बुडविणे हाच मोठा अपराध. किंचित ओलसर मऊ सुती कापडाने वरून पुसावे आणि लगेच कोरडे करावे, एवढेच घरी करण्याजोगे आहे. डांक बिघडला असेल तर जडावाचे काम जाणणारा कारागीर खडा काढून तो बदलू शकतो. काम नाजूक आहे, पण त्याने मूळ तेज परत येते. नवा खडा घेण्याची गरज पडत नाही.

मोत्याची प्रकृती तर सर्वांहून निराळी. मोती हा दगड नव्हे. शिंपल्यातील प्राण्याने थरावर थर देऊन रचलेला तो मुख्यतः चुनखडीचाच एक प्रकार आहे आणि त्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे त्याला ओलसर तजेला येतो. लिंबू, चिंच, शिरका यांतील आम्लाने चुना विरघळतो, तसाच मोतीही. लिंबाने चोळलेला मोती क्षणभर स्वच्छ दिसतो, कारण त्याचा वरचा थरच निघून गेलेला असतो. घाम, अत्तर आणि केसांचे तेल यांनीही तो हळूहळू मंदावतो. यास्तव मोत्यांचा दागिना साजशृंगार आटोपल्यावर शेवटी घालावा आणि उतरविताना प्रथम उतरवून पुसून ठेवावा, ही जुन्या बायकांची रीत शास्त्राला धरूनच आहे. पोवळ्यालाही हाच नियम लागू पडतो.

काठिण्याची गोष्टही विसरून चालणार नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस याने १८१२ साली बसविलेल्या श्रेणीत हिऱ्याला १०, माणिक व नीलमाला ९, गारगोटीला ७ अंक आहेत. मोत्याचे काठिण्य ३ च्या आसपास. अंगणातील धुळीत वाळूचे जे कण असतात ते गारगोटीचेच भाऊबंद असल्यामुळे कोरड्या धुळीसह पुसलेला मोती किंवा काचेचा खडा ओरखडला जाणारच. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, मग पुसावे. आणि हिऱ्याची अंगठी मोत्यांच्या कुड्यांबरोबर एकाच डबीत ठेवू नये.

उघड्या कोंदणातील हिरा मात्र पाण्याला भीत नाही. त्याला तेलाचे आणि चरबीचे विलक्षण आकर्षण असते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या हाताची अंगठी काही दिवसांतच मंदावते ती यामुळे. मागील बाजूस तेलकट पापुद्रा बसला की जो प्रकाश परतावयाचा तो तेथून निसटतो. कोमट पाणी, सौम्य साबण किंवा थोडे रिठ्याचे पाणी आणि लहान मुलांचा मऊ दातब्रश एवढे साहित्य पुरते. घासावयाची ती पुढील बाजू नव्हे, मागील. वरचा पैलू सर्वजण पुसतात. हिऱ्याचे तेज मागच्या मळात अडकलेले असते. नख्या सैल नाहीत ना, हे आधी पाहावे आणि मोरीच्या तोंडावर कापड टाकून मगच धुवावे.

पाचू व माणिक यांच्या बाबतीत सावधगिरी हवी. पाचूत नैसर्गिक भेगा असतात आणि त्या झाकण्यासाठी त्यात तेल मुरविण्याची पद्धत जुनी आहे. गरम पाण्याने किंवा दुकानातील कंपनयंत्राने ते तेल निघून गेले की भेगा उघड्या पडतात. माणकाचा रंग भट्टीत तापवून खुलविणे सर्वत्र रूढ आहे. तथापि, चालू शतकाच्या आरंभापासून बाजारात असेही माणिक आले आहेत की ज्यांच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते. ते अत्यंत झळाळतात आणि स्वस्त असतात. लिंबाच्या रसानेसुद्धा त्यांतील काच झिजते. सोनाराच्या दिव्याची आच लागली तर खडा कायमचा बिघडतो. असा खडा विकणे गैर नाही, परंतु तो तसा आहे हे न सांगता विकणे ही फसवणूक होय.

झळाळी म्हणजे मोल नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्याला आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो हिरा नसून झिर्कोनियमच्या संयुगापासून कारखान्यात बनविलेला खडा आहे आणि रंगांच्या ठिणग्या उडविण्यात तो हिऱ्यालाही मागे टाकतो. दुकानातील दिवेही मोठे चतुर असतात. पिवळ्या प्रकाशात सोने आणि माणिक खुलतात, अनेक बारीक पांढऱ्या दिव्यांखाली कोणताही पैलूदार खडा नाचतो. ग्राहकाने खडा हातात घेऊन दाराशी, दिवसाच्या उजेडात यावे. प्रामाणिक सराफ त्यास कधी नाही म्हणत नाही.

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. हा शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे. त्यातील खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. शिवाय कुंदन, पोलकी व जडाव दागिने आणि दोन ग्रॅमहून कमी वजनाचे दागिने यांना या सक्तीतून वगळण्यात आले आहे. बहुतेक नथी या दोहोंपैकी एकात तरी मोडतील. म्हणून पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन व खड्यांचे वजन निरनिराळे लिहून घेणे, खड्याचे नाव व त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे तेही नोंदवून घेणे ग्राहकाच्याच हिताचे आहे. नाहीतर काचेचे वजन सोन्याच्या भावाने मोजले जाते. मोठी खरेदी असल्यास रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

राहता राहिली एक गोष्ट आणि पंचायत सदस्यांनी ती वाडीवाडीवर पोहोचवावी अशी आहे. दुपारच्या वेळी, पुरुष मंडळी शेतावर असताना, ‘दागिने उजळून देतो’ म्हणत अनोळखी माणसे दारात येतात. आधी पितळेचा तांब्या लख्ख करून दाखवितात, मग हळदीच्या पाण्यात बांगड्या, माळा, नथ घालावयास सांगतात. हळद केवळ रंगासाठी असते. त्या पातेल्यात बहुधा दोन तीव्र आम्लांचे मिश्रण असते आणि त्यात सोने विरघळते. दागिना परत मिळतो, चमकतोही. वजन मात्र घटलेले असते आणि ते सोने द्रावणाबरोबर निघून जाते. नथीतील मोती तर त्या पातेल्यात पहिल्याच मिनिटात फसफसू लागतात. अशा माणसाला उंबऱ्यावरूनच परत लावावे, शेजारपाजाऱ्यांना हाक द्यावी आणि पौड पोलीस ठाण्यास कळवावे. नथ उजळावयाचीच असेल तर ती ओळखीच्या सोनाराकडे, त्याच्या समोर बसून आणि आधी व नंतर वजन करून उजळावी.