वाऱ्याचा सातबारा
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला कामगार. मॅट्रिक झालो, पुढची पायरी काय चढलो नाही. कविता लिहितो. पण आज कविता म्हणणार नाही. आज एका पात्याबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या धक्क्यावर पवनचक्कीची पाती उतरली. एकेक पातं साठ मीटरच्या वर. म्हंजे आपल्या चाळीची अख्खी लांबी धरा, तरी टोक बाहेर राहील. क्रेननं पातं उचललं, आम्ही खालनं दोर धरून त्याला वळवत होतो. उन्हाचा कहर होता. पात्याची सावली आमच्या टोळीवरनं सरकली. बाकीची पोरं म्हणाली, बरं वाटलं. मला मात्र माझी आजी आठवली.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं, वनकुसवड्याच्या पठाराकडचं. खाली कोयनेचं पाणी, वर उघडा माळ. वारं असं की उभ्या माणसाला ढकलून देतं. या पठारावर 1990 नंतरच्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथली माणसं पवनचक्की म्हणत नाहीत, पंखा म्हणतात. मुंबईच्या साहेबाला पंखा वारा देतो, हा पंखा आमचा वारा घेतो, एवढाच फरक.

या तालुक्यानं वीज पहिल्यांदा दिलेली नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा गावं उठली. त्यांची पोरंनातवंडं आजही पुनर्वसनाचे कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतायत. मग 11 डिसेंबर 1967 चा भूकंप. आजी तेव्हा पोर होती, घर पडताना तिनं पाह्यलंय. आधी पाणी गेलं, मग वारं गेलं. आजीच्या घरात बल्ब यायला मात्र पंख्यानंतरही चार वर्षं लागली.

आजीचं घर बौद्धवाडीत, गायरानाच्या कडेला. पंखा घरापासून तीनशे पावलांवर. मी सुट्टीत गेलो की तिच्याशेजारी अंगणात झोपतो. आजी म्हणते, "रातभर जातं फिरतंय रं बाळा, पीठ काय पडत न्हाय." दिवसा गावाचा गलका असतो, आवाज लपतो. रात्री सगळं निजलं की तो उघडा पडतो. घुम्म, घुम्म, घुम्म. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा पात्यांची सावली दारातनं आत येते. हिशोब करा. पाती तीन, मिनिटाला वीस फेरे, म्हंजे मिनिटाला साठ सावल्या. सेकंदाला एक. आजी तांदूळ निवडायला बसते आणि ताटावर उजेड-अंधार, उजेड-अंधार. ती ताट उचलून घरामागं जाते. तिनं कुठं तक्रार केली नाही. करणार कुणाकडं?

आता कुणी शिकलेला उठून म्हणेल, यानं रोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. बरोबर. पंख्याच्या आवाजानं अमुक एक आजार होतो असं मीही म्हणत नाही. पण त्या आवाजानं माणूस वैतागतो, एवढं तर अभ्यासकांनीही मान्य केलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली पवनचक्कीच्या आवाजासाठी वेगळी मर्यादा सुचवली, ती काय उगीच? आपल्या देशातला 2000 सालचा ध्वनी नियम सांगतो, वस्तीत रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज नको. आजीच्या अंगणात आवाज मोजायचं यंत्र घेऊन आजवर कोण गेलंय? ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्राच्या सूचना निघाल्या, घरापासून 500 मीटरच्या आत पवनचक्की नको. आजीचा पंखा त्याच्या आधीचा. आणि 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनचक्की नाहीच. म्हणून पर्यावरण मंजुरी नको, म्हणून जनसुनावणीही नको. कारखाना काढायचा तर निदान मंडप टाकून लोकांना विचारायचं नाटक तरी करतात. इथं नाटकसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट ढगांची. 2003 च्या दुष्काळात सातारा-सांगलीकडं बोललं जायचं, पंखे ढग पळवतात, म्हणून पाऊस नाही. मुंबईत आपली पोरं हसतात. हसू नका. ढगाचं खोटं आहे हे मीही आजीला सांगितलं. पावसाचा ढग हजारो मीटर उंच चढतो, शंभर मीटरचं यंत्र त्याला काय हाकलणार? पण तिनं उलट विचारलं, "मग आमचं गेलं त्ये कुणी नेलं?" ढगाचा हिशोब तिचा चुकला. चोरी झाली हे तिनं बरोबर ओळखलं. खरा चोर दाखवायचं काम आपलं होतं, आपण ते केलं नाही, म्हणून तिनं आभाळावर आळ घेतला.

खरा चोर कागदात आहे. कंपनीचा माणूस गावात आला तेव्हा त्यानं काय विचारलं? सातबारा. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसा मिळाला. कमी मिळाला, दलालानं खाल्ला, तेही खरं. पण त्याच्याशी निदान बोलणी झाली. रस्ता गेला गायरानातनं. आजीच्या शेळ्यांचं रान गेलं, गवळी धनगरांच्या म्हशींचं गेलं. त्यांना छदाम नाही. का? तर तुमचं नाव कुठाय? वरनं ज्यांनी पंख्यात पैसा घातला त्यांना पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा, पुढं 80 टक्के. वारा आमचा, करसवलत त्यांची. वाऱ्याचा सातबारा कुणी लिहिला दोस्तांनो?

गायरान आपल्याला फुकट मिळालेलं नाही. डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 1991 साली निघाला. तो कागद किती घरांत पोचला? आजीच्या घरात नाही.

म्हंजे वीज नको असं म्हणायचं का? बिलकूल नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचं धोरण त्यांच्या हाताखालनं गेलं. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह. आणि 1947 साली त्यांनीच लिहून ठेवलं की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत. कोळशाच्या धुरापेक्षा वारा चांगलाच. पण चांगल्या विजेलाही गावकुसाबाहेरचीच माणसं तेल म्हणून लागणार असतील, तर आपण विचारणारच.

आणि हे आजच विचारायला पाहिजे. पंख्याचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. आजोळचे जुने पंखे आता म्हातारे झालेत. ते काढून त्याच जागी मोठे बसवायचं केंद्राचं धोरण 2016 साली आलं, 2023 साली सुधारून आलं. म्हंजे करार पुन्हा होणार. पुन्हा माणूस येणार, पुन्हा सातबारा विचारणार. या खेपेला ग्रामसभेत आपलं माणूस उभं पाहिजे. पाचशे मीटर टेप लावून मोजा. रात्री आवाज मोजायला लावा. गायरानातनं रस्ता जात असेल तर भाडं भूमिहीनांच्या घरांत वाटायचं, असा ठराव लिहून घ्या. तुमच्यातल्या प्रत्येकाचं एक आजोळ आहे. गणपतीला, जत्रेला जाता, तसे ग्रामसभेला जा.

धक्क्यावर मी त्या पात्याचा दोर सोडला नाही. सोडला असता तर खालचा आमचाच माणूस मेला असता. हजेरी मिळाली, त्या पैशातनं आजीला पाचशे पाठवले. तिला सांगितलं नाही कशाचे ते.

पुढच्या ग्रामसभेला जाणार आहे. तिथं सांगणार आहे.

जयभीम.